दहावा कुठे गेला? (गीता ९.२)



आजचा श्लोक गीता ९.२. यात भगवंत एकाच ज्ञानाला राजगुह्यही म्हणतात आणि प्रत्यक्षावगमही. म्हणजे गुपितांमधलं सर्वांत मोठं गुपित, आणि तरीही थेट अनुभवाला येणारं. कॉलेजात असताना वाचलं तेव्हा मला हे सरळ कॉन्ट्रॅडिक्शन वाटलं होतं. जे उघड आहे ते गुपित कसं?

पुढे पंचदशी वाचताना 'दहावा' भेटला. गोष्ट तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ऐकली असेल. दहा जण नदी ओलांडतात आणि पलीकडे जाऊन मोजतात, तर नऊच भरतात. मोजताना प्रत्येक जण स्वतःला सोडून देतो. एक जण बुडाला म्हणून रडारड सुरू होते. (आपण याला ऑफ-बाय-वन एरर म्हणून हसू. पण इथे आकडे बरोबर आहेत, मोजणाराच यादीत नाही.)

विद्यारण्यांनी चौदाव्या शतकात, सातव्या प्रकरणात म्हणजे तृप्तिदीपात, हीच गोष्ट घेऊन कळण्याचे चक्क सात टप्पे पाडले आहेत. आधी अज्ञान: नऊ दिसतात, पण दहावा आपणच हे माहीत नाही. मग आवरण: 'दहावा नाहीच' असं ठामपणे म्हणणं. मग विक्षेप, म्हणजे ती रडारड. चौथा टप्पा परोक्ष ज्ञानाचा. भरवशाचा कुणीतरी सांगतो की दहावा जिवंत आहे. अजून दिसलेला नसतो, पण धीर येतो. मग तो नऊ जण मोजून दाखवतो आणि म्हणतो, दहावा तूच. हे अपरोक्ष ज्ञान. त्यानंतर दुःख जातं आणि तृप्ती येते.

म्हणजे 'उघड' हा शब्द पाचव्या टप्प्यावर खरा होतो. त्याआधी तेच गुपित असतं. गंमत अशी की, सातव्यावर पोचलेल्याला आधीचे चार आठवतच नाहीत.

हे मला घरीच कळलं. बाबांना मोबाइलवर वीजबिल भरायला शिकवत होतो. त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं, "आता कुठे दाबू?" मी म्हणालो, "अहो बाबा, समोरच तर आहे!" ते गप्प बसले. पुढचं बिल त्यांनी भर उन्हात रांगेत उभं राहून भरलं. मला ते आईकडून कळलं.

नंतर ती स्क्रीन मी नीट पाहिली. 'पुढे' असा शब्द कुठेही नव्हता, कोपऱ्यात नुसता एक राखाडी बाण होता. असे बाण मी रोज बनवतो. मी बाबांना थेट पाचव्या टप्प्यावर ढकलत होतो, तेही चिडून. गोष्टीतला माणूस हसत नाही, 'तूच की रे' म्हणून निघून जात नाही. आधी धीर देतो, मग त्यांचेच नऊ जण त्यांच्यासोबत मोजतो.

काल बाबांना फोन केला. म्हटलं, "काय काय दिसतंय ते तुम्हीच मला वाचून दाखवा." त्यांनी सावकाश सगळं वाचलं. शेवटी म्हणाले, "आणि हा इथे एक भाला आहे."

"हो बाबा, तोच."

राम कृष्ण हरी.