धाडसाला शिकवणीची जोड

कृष्णाकाठची माणसे पाण्याला भीत नाहीत. पूर आला की शेजाऱ्याला सोडवायला आधी पुढे होतात. ही मोठी गोष्ट आहे. पण नुसते धाडस पुरत नाही.

2019 सालच्या ऑगस्ट महिन्यात सांगली-कोल्हापूरकडे महापूर आला. पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ गावाला पाण्याने वेढा दिला. 8 ऑगस्टला लोकांना नावेतून बाहेर काढणे चालू होते. नावेत माणसे जास्त झाली. नाव उलटली. बायामाणसे, लेकरे बुडाली.

मदत करणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. बसणारे जिवाच्या भीतीने बसले. पण चांगल्या हेतूवर नाव तरंगत नाही.

कुणी म्हणेल, "गुरुजी, सरकारी बोट येतेच की!" येते. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल त्यासाठीच आहे. पण रस्ते पाण्याखाली गेले की त्यांना पोचायला वेळ लागतो. तोवर गावाला गावाचाच आधार. म्हणून 2016 साली 'आपदा मित्र' योजना निघाली. तीत गावच्या तरुण-तरुणींना 12 दिवस शिकवले.

काय शिकायचे?

पहिले, आपला जीव सांभाळणे. बुडणारा माणूस भीतीने मिठी मारतो. मग दोघेही बुडतात. म्हणून एकदम उडी घेऊ नये. काठावरून बांबू पुढे करावा. दोराला रिकामा, बूच लावलेला डबा बांधून फेकावा.

दुसरे, नावेची शिस्त. नावेत किती माणसे घ्यायची तो आकडा नावेवर रंगवून ठेवावा. त्यावर एकही घेऊ नये. कुणी रडले, कुणी रागावले, तरी नाही. दुसरी खेप करावी. नावेत उभे राहू नये.

तिसरे, बुडालेल्याला वाचवणे. पोट दाबून पाणी काढत बसू नये, त्यात वेळ जातो. श्वास बंद असेल तर तोंडाने श्वास द्यावा आणि छाती मधोमध दाबावी. मिनिटाला 100 ते 120 वेळा. हे पुस्तक वाचून येत नाही, जाणत्याकडून शिकावे लागते. दुसऱ्याने तेवढ्यात 108 ला फोन करावा.

चौथे, यादी. अंथरुणाला खिळलेले कोण? गरोदर कोण? ही माणसे आधी हलवायची. घराघरांतली ही माहिती बायकांना नेमकी असते. म्हणून पथकात बायका हव्यातच.

मी शाळेत पोरांना दोराच्या गाठी शिकवीत असे. आधी गाठ सुटायची. पुढे पोरे डोळे मिटूनही पक्की गाठ मारू लागली. संकटात डोके गोंधळते, पण सवयीचा हात चुकत नाही. सराव करायचा तो यासाठी.

तहान लागल्यावर विहीर खणून काय उपयोग? पाऊस जूनमध्ये येतो. 1 मेच्या ग्रामसभेत हा विषय काढा. "आमच्या गावाला शिकवणी हवी," असा अर्ज लिहा आणि तहसील कचेरीत द्या.

आता तुम्ही करा :

1. तुमच्या गावातून उंचावर जाण्याची वाट कोणती? सांगा.

2. बुडणाऱ्याला पाहून एकदम उडी का घेऊ नये?

3. तुमच्या आळीत ज्यांना चालता येत नाही, त्यांची नावे स्वतःच्या हाताने लिहा. तो कागद जपून ठेवा. पुराच्या दिवशी तोच कामाला येईल.