दगड खाली का पडतो?

करमाळ्याच्या कमलादेवीच्या दर्शनास गेलेला यात्रेकरू तेथील ९६ पायऱ्यांची विहीर आवर्जून पाहतो. तिच्या काठावरून खडा सोडला, तर तो खालीच जाणार, हे सांगावयास पंडित नको. पण तो खालीच का जातो? या साध्या प्रश्नाने माणसाला दोन हजारांहून अधिक वर्षे विचार करावयास लावले आहे.

ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल म्हणे, की जड वस्तूचे स्वाभाविक स्थान विश्वाच्या मध्याशी आहे. तेथे परतण्यासाठी ती पडते. आणि जितकी जड, तितकी लवकर पडते.

इ. स. ११५० मध्ये भास्कराचार्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणि’ हा ग्रंथ लिहिला. पृथ्वीच्या ठायी आकर्षणशक्ती असून तीच जड वस्तूला आपल्याकडे ओढते, असे त्यांनी त्यात सांगितले. मग पृथ्वी स्वतः का पडत नाही? तिच्या सभोवती आकाश सर्व बाजूंनी सारखेच आहे. ती पडणार तरी कोणीकडे? चाळीसगावजवळील पाटणे येथे त्यांचे ग्रंथ शिकविण्यासाठी नातू चांगदेव याने मठ स्थापन केला. तेथील शिलालेख त्याची साक्ष देतो.

परंतु पडण्याचे माप अजून व्हावयाचे होते. ते काम इटलीच्या गॅलिलिओने केले. त्याने प्रथम एक युक्तिवाद मांडला. समजा, जड व हलका असे दोन दगड एकत्र बांधले. हलका दगड जडाला मागे खेचील, म्हणून जोडी सावकाश पडावी. पण जोडीचे वजन तर अधिक; म्हणून ती लवकर पडावी! एकाच मतातून दोन विरुद्ध उत्तरे निघतात, तेव्हा ते मतच चुकीचे असले पाहिजे. मग त्याने उतरत्या पन्हळीतून गोळे सोडून वेळ मोजली. दुप्पट वेळात गोळा चौपट अंतर जातो, असे त्याला आढळले. हे विचार १६३८ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले.

१६८७ साली न्यूटनने दाखविले, की दगडाला ओढणारे बलच चंद्रालाही धरून ठेवते. चंद्र पृथ्वीच्या मध्यापासून तिच्या त्रिज्येच्या सुमारे ६० पट दूर आहे. म्हणून तेथे ही ओढ ६० × ६० म्हणजे ३,६०० पटींनी कमी असावी. चंद्राची गती या हिशेबाशी जुळली. पण ही ओढ इतक्या दूर पोहोचते कशी, हे न्यूटनला सांगता आले नाही.

१९१५ साली आइन्स्टाइनने उत्तर दिले: वस्तुमानामुळे अवकाश आणि काळ वक्र होतात. त्याच्या सिद्धान्तातून निघणाऱ्या गुरुत्वीय लहरी १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील यंत्रांनी प्रथम टिपल्या. तशीच, चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांची वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारण्यास २०२३ साली मंजुरी मिळाली.

तरीही न्यूटनचे गणित टाकाऊ ठरले नाही. याने सोडताना ते आजही उपयोगी पडते. मुलांनो, थोरांचे मतही तपासून घ्यावे, आणि त्यातील खरे ते जपावे, ही शास्त्राची रीत आहे.

स्वाध्याय
१. दोन दगड एकत्र बांधण्याच्या युक्तिवादातून गॅलिलिओने काय सिद्ध केले?
२. पृथ्वी कोठेही का पडत नाही, याविषयी भास्कराचार्यांचे म्हणणे आपल्या शब्दांत लिहा.