साठा, साठेबाजी आणि अमानत : इंग्रजी कागदातले शब्द ओळखा

आपल्या बाजारात 'माल भरला', 'माल ठेवला' आणि 'माल पडून आहे' एवढ्या बोलण्यावर काम भागते. ऐकणारा प्रसंगावरून उरलेले समजून घेतो. बँक, विमा कंपनी आणि कर खाते यांचा कागद प्रसंग जाणत नाही, तो फक्त शब्द जाणतो, आणि तो शब्द बहुधा इंग्रजी असतो. आपल्यापैकी पुष्कळांचे शिक्षण उर्दू किंवा मराठी शाळेत झाले. इंग्रजी कागद आला की तो मुनीमाकडे किंवा एजंटाकडे जातो आणि तो बोट ठेवील तिथे सही होते. जबाबदारी सही करणाऱ्याची राहते. म्हणून माल गोळा करणे आणि साठवणे यासंबंधीचे नेहमीचे इंग्रजी शब्द आम्ही या पाठात घेतले आहेत.

१. गोळा करण्याचे शब्द

'गॅदर' म्हणजे विखुरलेले जवळ आणणे. शिवणकाम करणाऱ्या कारागिरांना हा शब्द ठाऊक आहे. फ्रॉकच्या कमरेला कापड चुणून जवळ घेतात, त्या चुण्यांना गॅदर्स म्हणतात. 'कलेक्ट' म्हणजे ठरवून, हिशेबाने गोळा करणे. उधारी कलेक्ट करतात. जिल्ह्याचा कलेक्टर हा मूळचा महसूल गोळा करणारा अधिकारी, हे ध्यानात ठेवले की शब्द विसरत नाही.

'अक्युम्युलेट' म्हणजे थोडे थोडे साचत जाणे. याचे लॅटिन मूळ 'ढीग' या अर्थाचे आहे. व्याज अक्युम्युलेट होते, दंड अक्युम्युलेट होतो. बँकेच्या पत्रात हा शब्द दिसला की समजावे, रक्कम वाढत चालली आहे आणि थांबवल्याशिवाय थांबणार नाही. 'स्टॉकपाइल' म्हणजे पुढच्या टंचाईच्या विचाराने मुद्दाम मोठा साठा उभा करणे. हा शब्द सरकार आणि मोठ्या गिरण्यांच्या बातम्यांत येतो, दुकानदाराच्या कागदात क्वचितच.

२. ठेवण्याच्या जागेचे शब्द

'गोडाऊन' ऐकून पुष्कळांना वाटते की 'गो' आणि 'डाऊन' मिळून हा शब्द झाला. तसे नाही. मलायी भाषेतल्या 'गुदांग' शब्दावरून, पोर्तुगीज व्यापाऱ्यांच्या तोंडून तो इंग्रजीत गेला. आपले 'गुदाम' त्याच कुटुंबातले. 'वेअरहाऊस' म्हणजे विक्रीच्या मालाचे घर. सरकारी मराठीत त्याला 'वखार' म्हणतात. १९५७ साली स्थापन झालेले केंद्रीय वखार महामंडळ हे त्याचे उदाहरण. रोजच्या बोलण्यात गोडाऊन आणि वेअरहाऊस एकच, पण कागदात 'बॉण्डेड वेअरहाऊस' असेल तर अर्थ वेगळा आहे. परदेशी माल सीमाशुल्क भरण्यापूर्वी जिथे ठेवतात ती ही जागा. तिथला माल शुल्क भरून परवानगी मिळाल्याशिवाय बाजारात आणता येत नाही.

'डेपो' फ्रेंचमधून आला. त्याचे आणि 'डिपॉझिट'चे मूळ एकच, ठेवलेली वस्तू. 'स्टोअर' इंग्लंडमध्ये मुख्यतः कोठाराला म्हणत. अमेरिकेत दुकानाला स्टोअर म्हणू लागले आणि तीच रीत आपल्या पाट्यांवर आली.

'मॅगझिन' हा शब्द तर आपल्या ओळखीचाच निघतो. अरबीत 'मखजन' म्हणजे साठवणीची जागा, अनेकवचन 'मखाजिन'. 'खजिना' त्याच धातूचा. इटलीच्या व्यापाऱ्यांनी तो उचलला, फ्रेंचमधून इंग्रजीत आला. दारूगोळ्याच्या कोठाराला मॅगझिन म्हणू लागले. १७३१ साली लंडनमध्ये एडवर्ड केव्ह यांनी आपल्या मासिकाच्या नावात हा शब्द घातला आणि तो नियतकालिकालाही लागू झाला. शेख अब्दुल कादिर यांनी १९०१ मध्ये लाहोरहून उर्दू मासिक काढले, त्याचे नाव 'मखजन'. आज कागदावर 'मॅगझिन लायसन्स' दिसला तर तो छापखान्याचा समजू नये. तो स्फोटकांच्या कोठाराचा परवाना असतो.

३. ठेवलेल्या मालाचे शब्द

'स्टॉक' म्हणजे धंद्यासाठी हाताशी असलेला माल. जुन्या इंग्रजीत हा शब्द झाडाच्या बुंध्यासाठी होता. 'इन्व्हेंटरी' म्हणजे मूळ अर्थाने 'जे जे सापडले त्याची यादी'. आता हिशेबात तो साठ्यासाठीच वापरतात. 'क्लोजिंग स्टॉक' म्हणजे वर्षअखेरचा शिल्लक माल. त्याची किंमत खरेदीखर्च आणि विकून हाती येणारी निव्वळ रक्कम यांत जी कमी असेल ती धरतात. फॅशन गेलेले तागे खरेदीच्या भावाने लिहिले तर कागदावर नफा दिसतो, गल्ल्यात नसतो.

'डेड स्टॉक'चे दोन अर्थ आहेत. बाजारात तो न खपणारा माल. शाळेत किंवा सरकारी कचेरीत 'डेड स्टॉक रजिस्टर' म्हणजे टेबल, खुर्च्या, कपाटे यांची नोंदवही. 'रिझर्व्ह' म्हणजे राखून ठेवलेले. गिऱ्हाइकासाठी रिझर्व्ह ठेवलेला माल कपाटात असतो. ताळेबंदातला रिझर्व्ह हा वाटून न घेता धंद्यात ठेवलेला नफा. तो सूत, यंत्रे, उधारी अशा रूपांत पसरलेला असतो. भागीदाराने 'रिझर्व्ह एवढा आहे, माझा हिस्सा रोख द्या' म्हटले तर तेवढी रोकड पेटीत असेलच असे नाही.

४. स्टॉक आणि होर्ड

'होर्ड' म्हणजे मुळात लपवून ठेवलेला खजिना. व्यापारात या शब्दाला आरोपाचा वास आहे. मराठीत साठा आणि साठेबाजी, उर्दूत जखीरा आणि जखीराअंदोजी, तसेच इंग्रजीत स्टॉक आणि होर्डिंग. लोकांच्या गरजेची वस्तू भाव चढावा म्हणून अडवून ठेवणे याला फिकहच्या किताबांत 'एहतेकार' म्हणतात. ईद, दिवाळी किंवा लग्नसराईआधी दुकान भरणे हे होर्डिंग नव्हे. तो माल विक्रीला खुला असतो. पत्रव्यवहारात अशा मालाला 'सीझनल स्टॉक' लिहावे. रस्त्यावरच्या जाहिरातीच्या होर्डिंगशी याचा काही संबंध नाही. तो शब्द लाकडी कुंपणावरून आला आहे.

कायदाही येथे लक्ष देतो. १९५५ च्या अत्यावश्यक वस्तू कायद्याखाली सरकार साठ्याला मर्यादा घालू शकते. जून २०२३ मध्ये गहू आणि तूरडाळीवर अशी मर्यादा घातली होती. या कायद्याच्या यादीत पूर्ण कापसाचे हँक सूतही आहे, हे हातमागवाल्यांनी ध्यानात ठेवावे.

५. अमानत : सर्वांत महत्त्वाचा शब्द

आता ज्या शब्दांवर धंदा बुडू शकतो तिकडे येऊ. समजा, भिवंडीच्या एका यंत्रमागधारकाकडे व्यापाऱ्याने पाच लाखांचे सूत मजुरीवर विणण्यासाठी पाठवले. शेडमध्ये त्याचे स्वतःचे तीन लाखांचे सूत आहे. त्याने आठ लाखांचा आगीचा विमा घेतला आणि फॉर्मवर एजंटाने फक्त 'स्टॉक-इन-ट्रेड' लिहिले. आग लागली, सगळे जळाले. हा आठ लाखांची वाट पाहतो. कंपनी विचारते, माल कुणाचा? आगीच्या पॉलिसीत सर्वसाधारणपणे अट असते की 'गुड्स हेल्ड इन ट्रस्ट ऑर ऑन कमिशन' स्पष्ट नोंदवल्याशिवाय विम्यात येत नाहीत. म्हणजे अमानत म्हणून ठेवलेला किंवा अडतीवर आलेला माल. तीन लाखांचा दावा उभा राहतो आणि व्यापाऱ्याच्या पाच लाखांचा प्रश्न दारात येतो.

१८७२ च्या करार कायद्यात अशा ठेवीला 'बेलमेंट' म्हणतात. शहाणा माणूस स्वतःच्या मालाची जेवढी काळजी घेतो तेवढी माल ठेवून घेणाऱ्याने घ्यावी, असे तो कायदा सांगतो. शिंपी, रंगारी, जरीकाम करणारे, सोन्याचे कारागीर, सर्वांच्या घरात दुसऱ्याचा माल असतो. त्यांनी पॉलिसीत हे शब्द लिहून घ्यावेत. माल पाठवणाऱ्या व्यापाऱ्यानेही आपल्या पॉलिसीत कारागिराच्या जागेचा पत्ता घालून घ्यावा, कारण विमा नोंदलेल्या जागेतल्या मालाचाच असतो. जी.एस.टी. कायद्याप्रमाणे मजुरीसाठी पाठवलेला कच्चा माल चलनावर जातो आणि साधारणपणे एक वर्षाच्या आत परत यावा लागतो. ते चलन जपून ठेवावे. माल कुणाचा, याचा तोच पुरावा.

बँकेतही हाच प्रश्न. 'प्लेज' म्हणजे माल बँकेच्या ताब्यात. 'हायपोथिकेशन' म्हणजे माल आपल्याच गोडाऊनमध्ये, पण त्यावर बँकेचा बोजा. दरमहा द्यायच्या स्टॉक स्टेटमेंटवरून बँक 'ड्रॉइंग पॉवर', म्हणजे उचल करण्याची मर्यादा ठरवते. त्या स्टेटमेंटमध्ये मजुरीवर आलेले दुसऱ्याचे सूत आपले म्हणून लिहिणे हे खोटे निवेदन आहे. तपासणीत उघडे पडले तर उचल थांबते, आणि ज्याचे सूत त्याचाही विश्वास जातो.

सराव

आपली विमा पॉलिसी, बँकेचे शेवटचे स्टॉक स्टेटमेंट आणि एक चलन समोर घ्यावे. मुलगा-मुलगी शाळा-कॉलेजात शिकत असेल तर शेजारी बसवावे. तिन्ही कागदांत वर दिलेले शब्द शोधून खाली रेघ मारावी आणि प्रत्येक शब्दापुढे तीन गोष्टी आपल्या भाषेत लिहाव्यात : माल कुणाचा, कुठे ठेवलेला, कशासाठी ठेवलेला. तीनही कागदांची उत्तरे जुळली पाहिजेत. जुळली नाहीत तर एजंटाला आणि सी.ए.ला याच आठवड्यात विचारावे, आणि दुरुस्ती तोंडी न घेता लेखी घ्यावी.