आडत्या कोण आणि धनी कोण?

धान्याच्या पेठेत आयुष्य गेलेल्या माणसास एक भेद शिकवावा लागत नाही. शेतकऱ्याचा माल लिलावात विकून देऊन ठरलेली आडत घेतो, तो आडत्या. स्वतः भाव ठरवून माल विकतो, तो धनी. दोघांची जबाबदारी निराळी. हाच भेद अलीकडे जगातील मोठमोठ्या न्यायालयांपुढे उभा राहिला.

अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरी २००८ साली एअरबीएनबी व २००९ साली उबर या कंपन्या निघाल्या. घरातील रिकामी खोली वा दारातील मोटार इतरांच्या उपयोगी पडावी, हा त्यांचा गाजलेला हेतू. आम्ही केवळ दोघांची गाठ घालून देतो. गिऱ्हाइकाचा अभिप्राय हाच खरा परवाना, मग सरकारी नियम हवेत कशाला, असे त्यांच्या समर्थकांचे म्हणणे. परवान्यासाठी कचेऱ्यांचे उंबरठे झिजविलेल्या आपणां व्यापाऱ्यांस हे बोलणे गोड वाटावे, यात नवल नाही. प्रस्तुत लेखकासही ते वाटले होते.

तथापि बार्सिलोनाच्या टॅक्सीवाल्यांच्या संघटनेने नेलेल्या वादात युरोपीय न्यायालयाने २० डिसेंबर २०१७ रोजी नावापेक्षा व्यवहार पाहिला. भाड्याची कमाल मर्यादा उबर ठरवी, पैसे प्रथम तीच घेई, गाडी व चालक यांच्या गुणवत्तेवर देखरेखही तिचीच. यास्तव तिचा धंदा वाहतुकीचाच ठरला. उलट डिसेंबर २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने एअरबीएनबीस मध्यस्थ मानले. खोलीचे भाडे घरमालक स्वतः ठरवीत, हे त्याचे एक प्रमुख कारण. पुढे १९ फेब्रुवारी २०२१ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने उबरच्या चालकांस किमान वेतनाचा व पगारी सुट्टीचा हक्क मान्य केला.

मध्यस्थ ठरल्याने नियम मात्र सुटत नाहीत. न्यूयॉर्क शहराने सप्टेंबर २०२३ पासून, तीस दिवसांहून कमी मुदतीने घर देणाऱ्यास नोंदणी सक्तीची केली. यजमानाने तेथेच राहावे व पाहुणे दोहोंपेक्षा अधिक नसावेत, अशी अट आहे.

व्यापारास मोकळीक हवी, हे मत मी सोडलेले नाही. परंतु नफ्याच्या वेळी धनी आणि नुकसानीच्या वेळी आडत्या, असा व्यवहार आपल्या पेठेत कोणी खपवून घेतला नसता. आज आपली मुलेही अशा कंपन्यांमार्फत माल विकू लागली आहेत. करारावर सही करण्यापूर्वी त्यांनी तीन प्रश्न विचारावेत : भाव कोण ठरवितो? पैसा प्रथम कोणाच्या हाती जातो? आणि तूट आली तर ती कोणाच्या खात्यावर पडते?