न्यूमोनिया आणि घसरलेलं सोडियम: खर्च कुठे होतो, कुठे वाचतो

न्यूमोनियासाठी मूल ॲडमिट झालं की पहिल्या एक-दोन दिवसांत अनेक घरांना एक वाक्य ऐकू येतं : ‘सोडियम कमी आलंय.’ आईवडिलांचा जीव टांगणीला लागतो आणि बिल किती होणार, हा प्रश्न ओठांवर असूनही विचारायचा संकोच वाटतो. तो जरूर विचारा.

आधी आकडा समजून घ्या. रक्तात सोडियम लिटरमागे 135 ते 145 मिलिइक्विव्हॅलंट असावं लागतं. 130 ते 134 म्हणजे किंचित कमी, 125 च्या खाली म्हणजे गंभीर. न्यूमोनियात शरीर पाणी धरून ठेवणारं संप्रेरक जास्त सोडतं. लघवी कमी होते, पाणी साठतं आणि रक्तातलं सोडियम पातळ होतं. म्हणजे बहुतेक वेळा शरीरात मीठ असतंच, पाणी जास्त झालेलं असतं. त्यामुळे घरचं मीठ-पाणी अजिबात पाजू नका. अंगावरचं दूध डॉक्टरांनी थांबवायला सांगितलं नसेल तर चालू ठेवा.

तपासणीचं नाव ‘सीरम इलेक्ट्रोलाइट्स’. सोडियम, पोटॅशियम, क्लोराईड एकत्र मोजतात, एक-दोन मिलिलिटर रक्त पुरतं. खासगी लॅबमध्ये साधारण 300 ते 600 रुपये, रात्री-अपरात्री थोडे जास्त. ओपीडीतून गोळ्या-औषधं घेऊन घरी गेलेल्या, नीट दूध पिणाऱ्या मुलाला सहसा ही तपासणी लागत नाही. पण मूल ॲडमिट असेल आणि सलाईन लावलं असेल, तर माझं स्पष्ट मत आहे की या खर्चात काटकसर करू नये. एकदा आकडा कमी आला की तपासणी पुन्हा करावी लागते, फार घसरला तर दर चार-सहा तासांनी. बिलात ती तीन-चारदा दिसली म्हणजे लुबाडलं असं लगेच धरू नका, प्रत्येक नोंदीचा रिपोर्ट मात्र मागून घ्या. ब्लड गॅसच्या यंत्रावरचा आणि लॅबचा आकडा दोन-चारने वेगळा येऊ शकतो. सोडियम वाढतंय की घसरतंय हे एकाच यंत्राच्या आकड्यांवरून पाहावं.

उपचार मुळात महाग नाही. न्यूमोनिया आटोक्यात आला आणि सलाईन योग्य असलं की सोडियम बहुधा आपसूक वर येतं. खाटेशी टांगलेल्या बाटलीचं लेबल वाचा. ‘सोडियम क्लोराईड 0.9%’ म्हणजे नॉर्मल सलाईन, त्यात लिटरमागे 154 सोडियम. तेच साखर घातलेलं ‘डीएनएस’ही मिळतं. लहान मुलांसाठी म्हणून वर्षानुवर्षे दिल्या जाणाऱ्या ‘आयसो-पी’त मात्र सुमारे 25. आधीच पाणी साठलेल्या मुलाला असं पातळ सलाईन चालू राहिलं तर आकडा आणखी खाली जाऊ शकतो. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही 2018 मध्ये 28 दिवसांपुढच्या बहुतेक मुलांना रोजचं सलाईन म्हणून 0.9 टक्क्यांच्या जातीचंच द्यावं, अशी शिफारस केली. ‘डॉक्टर, कोणतं सलाईन चालू आहे?’ एवढं विचारायला काहीच हरकत नाही.

खरा खर्च खाटेचा. तालुक्या-जिल्ह्याच्या गावी खासगी वॉर्डात दिवसाला साधारण दीड ते चार हजार, पुण्या-मुंबईत मुलांच्या आयसीयूत आठ-दहा हजारांपासून पंचवीस हजारांपर्यंत. सोडियम किंचित कमी आहे, एवढ्यावरून आयसीयू लागत नाही; आकडी आली, मूल सुस्त पडलं किंवा श्वासाला आधार लागला तर लागतो. आकडी आली तर तीन टक्क्यांचं सलाईन द्यावं लागतं. त्याची बाटली स्वस्त असते, पण ते देताना लागणारी डोळ्यांत तेल घालून केलेली देखरेख महाग पडते.

सरकारी वाट विसरू नका. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या ग्रामीण, उपजिल्हा व जिल्हा रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून तपासण्यांसह उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांचे नियम वेगळे. एक वर्षाच्या आतल्या आजारी बाळाला जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमातून सरकारी दवाखान्यात उपचार आणि ने-आण मोफत. 108 ची रुग्णवाहिकाही मोफत.

खासगीत जायचं तर पैसे भरण्याआधी सरकारी विमा योजनेचा रुग्णालयातला मदतनीस, म्हणजे ‘आरोग्यमित्र’ गाठा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे. मुलाचा आजार यादीत बसतो का आणि हे रुग्णालय योजनेत आहे का, हे 155388 वरही कळतं. रेशनकार्ड, आधार आणि बाळाचा जन्मदाखला जवळ ठेवा. आधी रोख भरून नंतर योजनेत बसवायला गेलं की अडचणी येतात. राज्याच्या 2021 च्या नियमांनुसार खासगी रुग्णालयांनी दरपत्रक दर्शनी भागात लावायचं आहे. दिसलं नाही तर मागा.

घरी सोडताना डिस्चार्ज कार्डावर पहिला आणि शेवटचा सोडियमचा आकडा आणि दिलेल्या सलाईनचं नाव लिहून घ्या. मेडिक्लेमलाही उपयोगी पडतं, आणि मूल पुन्हा धापू लागलं तर दुसऱ्या डॉक्टरांनाही.