ओटीटीवाले डिस्क कशाला काढतात?

प्रश्न : मी मुबीचा वर्गणीदार आहे. परदेशातल्या भाच्याने परवा ‘आफ्टरसन’ची ब्लू-रे पाठवली, तर तिच्यावर मुबीचंच नाव! जी कंपनी दरमहाच्या वर्गणीवर चालते, ती त्याच चित्रपटाची डिस्क विकते म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणं नाही का? आणि हल्ली या डिस्क घेतं तरी कोण?
— एक वाचक, सांगली

उत्तर : धोंडा पडत नाही. मुबी म्हणजे नुसती ओटीटी कंपनी, हा आपला समज अर्धाच खरा आहे. आपण तिला फोनवरच्या चौकोनी चिन्हावरून ओळखतो, म्हणून तसं वाटतं इतकंच. धंद्यात तिच्या भूमिका दोन आहेत आणि तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या दोहोंतल्या फरकात आहे.

पहिली भूमिका भाडेकरूची. मुबीच्या यादीत दिसणारे बरेचसे जुने चित्रपट तिच्या मालकीचे नसतात. अमुक देशात, अमुक मुदतीपुरते, फक्त स्ट्रीमिंगवर दाखवायचे, असा करार करून ते आणलेले असतात. मुदत भरली की चित्रपट यादीतून जातो. अशा चित्रपटाची डिस्क काढायचा तिला अधिकारच नसतो. दुसरी भूमिका वितरकाची. कान किंवा व्हेनिस महोत्सवाच्या बाजारात एखादा नवा चित्रपट ती एका किंवा अनेक देशांपुरता सगळ्या हक्कांसकट विकत घेते. त्यात थिएटर आलं, टीव्ही आला, ओटीटी आलं आणि डिस्कही आली. चार दारांचे पैसे मोजल्यावर तीनच दारं उघडायची, हे कुठल्या व्यापाऱ्याला परवडेल?

तुमच्या हातातली डिस्क याचंच उदाहरण आहे. शार्लट वेल्सचा ‘आफ्टरसन’ (२०२२) ब्रिटनमध्ये मुबीने घेतला, अमेरिकेत ए-ट्वेंटीफोर या कंपनीने. चित्रपट एकच, पण समुद्राच्या दोन काठांना धनी वेगळे, म्हणून डिस्कवरची नावंही वेगळी. विम वेंडर्सच्या ‘परफेक्ट डेज’चंही तसंच. ब्रिटनमध्ये तो मुबीकडे, अमेरिकेत त्याची डिस्क क्रायटेरियन या कंपनीची. (‘आफ्टरसन’मधली मुलगी मोठी झाल्यावर वडिलांबरोबरच्या सुट्टीचं जुन्या हँडीकॅमवरचं चित्रण पुन्हा पुन्हा बघते. हा चित्रपट डिस्कवर जपून ठेवावासा वाटणारे लोक असणार, हे मुबीला ओळखता आलं नसतं तरच नवल.)

मुबीचा जन्मही थोडा ध्यानात घ्यायला हवा. एफे चाकारेल या तुर्की उद्योजकाने २००७ मध्ये ‘द ऑटर्स’ या नावाने ती सुरू केली. २०१० मध्ये तिचं नाव मुबी झालं. टोकियोतल्या एका कॅफेत बसून त्याला वाँग कार-वाईचा ‘इन द मूड फॉर लव्ह’ बघायचा होता आणि तो ऑनलाइन कुठेच मिळेना, त्यातून ही कल्पना निघाली असं तो सांगत आला आहे. पुढे कित्येक वर्षं मुबीवर एका वेळी तीसच चित्रपट असत. रोज एक नवा यायचा, तीस दिवस झालेला एक जायचा. २०२० मध्ये जुन्या चित्रपटांचा साठाही खुला झाला, पण तोवर मुबीला एक ठरावीक प्रेक्षक मिळाला होता. हा प्रेक्षक दिग्दर्शकाचं नाव बघून चित्रपट निवडतो, त्यावरचे लेख वाचतो आणि आवडलेली गोष्ट जवळ ठेवतो. मुबी छापील नियतकालिक काढते, भारतासह काही देशांत वर्गणीदारांना थिएटरचं तिकीट देण्याची योजनाही तिने राबवली, ते याच प्रेक्षकासाठी. खानावळवाल्याने महिन्याच्या डब्याबरोबर लोणच्याच्या बरण्याही विकायला ठेवाव्यात, तसं हे. बरणी नेणारा माणूस डबा बंद करत नाही. उलट तोच सगळ्यात पक्कं गिऱ्हाईक असतो.

आता पैशाचं बघू. वर्गणीच्या धंद्यात एक अडचण अशी की, कोणत्या चित्रपटाने किती कमावलं हे सांगताच येत नाही. तुम्ही महिन्याचे पैसे भरले, त्यात अकरा चित्रपट पाहिले, त्यातला अर्धा डुलक्या काढत पाहिला. त्या पैशातला कोणता रुपया कोणत्या दिग्दर्शकाचा? नेटफ्लिक्सने तर आपल्या जवळपास सगळ्या यादीचे प्रेक्षक-आकडे डिसेंबर २०२३ पर्यंत प्रसिद्धच केले नव्हते. डिस्कचं तसं नाही. विकली गेली की एक नग, एक किंमत, चित्रपटाच्या नावावर जमा. एका डिस्कची किंमत महिन्याच्या वर्गणीहून जास्त असते आणि दर्दी माणूस ती आनंदाने मोजतो. खप लहान असतो, पण दर नगामागे हातात पडणारा पैसा बरा असतो. मोठ्या स्टुडिओला इतक्या लहान खपात रस नसतो. छोट्या वितरकाला असतो.

कोराली फार्झाचा ‘द सब्स्टन्स’ (२०२४) हा मुबीचा तोवरचा सगळ्यात मोठा डाव. युनिव्हर्सलने त्यातून अंग काढून घेतल्यावर मुबीने तो उचलला. कानमध्ये त्याला पटकथेचं पारितोषिक मिळालं, डेमी मूरला ऑस्करचं नामांकन मिळालं आणि जगभर त्याने सात कोटी डॉलरच्या वर गल्ला केला. आधी थिएटर, मग मुबी, मग २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेत फोरके डिस्क. प्रत्येक टप्प्यावर तो चित्रपट पुन्हा ‘नवा’ होतो, पुन्हा त्यावर लिहिलं जातं. जाहिरातीला पैसे कमी असणाऱ्याला ही फुकटची चर्चा फार मोलाची असते.

नेटफ्लिक्सची गोष्ट मात्र नेमकी उलटी आहे आणि मला ती जास्त गमतीची वाटते. ही कंपनी जन्मली तीच डीव्हीडीवर. १९९८ पासून ती टपालाने डिस्क भाड्याने देत होती. लाल पाकिटात डिस्क यायची, बघून झाली की तशीच पोस्टात टाकायची. ही सेवा तिने २९ सप्टेंबर २०२३ रोजी बंद केली, तोवर पाच अब्जांहून जास्त डिस्क तिने पाठवल्या होत्या. पण स्वतः निर्माण केलेल्या किंवा विकत घेतलेल्या चित्रपटांच्या डिस्क काढायला ती फारशी राजी नसते. कारण उघड आहे. मुबीला हक्क तुकड्यातुकड्याने मिळतात, नेटफ्लिक्स बहुधा सगळ्या जगाचे एकदमच घेते, आणि मग ‘हा चित्रपट दुसरीकडे कुठेच नाही’ हेच तिचं भांडवल होतं. माणूस वर्गणी सोडत नाही तो त्यासाठी.

तरीही २०२० च्या फेब्रुवारीत अल्फोन्सो क्वारोनच्या ‘रोमा’ची डिस्क आली. काढली क्रायटेरियनने. पाठोपाठ त्याच वर्षी स्कॉर्सेसीचा ‘द आयरिशमन’ आणि नोआ बॉमबाकचा ‘मॅरेज स्टोरी’ आले, २०२२ मध्ये जेन कॅम्पियनचा ‘द पॉवर ऑफ द डॉग’, २०२३ मध्ये गिलेर्मो देल तोरोचा ‘पिनोकिओ’. नावं पुन्हा वाचा. ही सगळी अशी माणसं आहेत की, त्यांचा पुढचा चित्रपट आपल्याकडे यावा म्हणून स्टुडिओ त्यांच्या दारात उभे असतात. अशांना नुसता पैसा पुरत नाही. आपलं काम कपाटात, फेलिनी आणि ओझूच्या शेजारी, पाठीवर क्रमांक घालून उभं राहावं ही त्यांची हौस असते. १९८४ पासून आधी लेझरडिस्क, मग डीव्हीडी, मग ब्लू-रे काढत क्रायटेरियनने ती प्रतिष्ठा कमावली आहे. चित्रपट चालू असताना मागे जाणकाराचं भाष्य ऐकवायची पद्धतसुद्धा त्यांच्याच ‘किंग काँग’च्या लेझरडिस्कपासून रूढ झाली. थोडक्यात, नेटफ्लिक्ससाठी ही डिस्क विक्रीची वस्तू कमी आणि दिग्दर्शकाला दिलेला मानाचा नारळ जास्त. हा माझा अंदाज आहे, पण त्या यादीकडे बघून दुसरा काही करता येत नाही.

तुम्ही विचारलेलं नाही, पण पुढचा प्रश्न तोच असणार : एवढं करून डिस्कवर वेगळं दिसतं काय? ‘रोमा’चीच सुरुवात घ्या. पडद्यावर फक्त अंगणातली फरशी. त्यावर पाण्याची लाट येते, साबणाचा फेस पसरतो, ओल्या फरशीत वरचं आभाळ दिसू लागतं आणि त्या आभाळातून एक विमान सावकाश जातं. सगळं काळ्या-पांढऱ्यात, म्हणजे खरं तर शेकडो करड्या छटांत. स्ट्रीमिंगसाठी चित्र आकुंचित करताना संगणक दर क्षणाला ठरवत असतो की काय ठेवायचं आणि काय गाळलं तरी चालेल. चेहरा स्थिर असला की त्याला सोपं जातं. फेस, धूर, पाऊस, फिल्मचे कण या गोष्टींत मात्र प्रत्येक ठिपका हलत असतो, तिथे त्याची दमछाक होते आणि फेसाचा लगदा होतो. फोरके बघायला नेटफ्लिक्स सेकंदाला १५ मेगाबिटचं इंटरनेट पुरे म्हणते. साध्या ब्लू-रेवर नुसतं चित्रच ४० मेगाबिटपर्यंत जाऊ शकतं आणि फोरके डिस्कचा वेग सगळं धरून १२८ पर्यंत. गंमत म्हणजे २०२० ची ‘रोमा’ची डिस्क साधी ब्लू-रे आहे आणि नेटफ्लिक्सवर तोच चित्रपट फोरके आहे. टीव्हीच्या दुकानात ‘फोरके’चा जो गजर चालतो, त्यावर फार विसंबू नये तो यासाठी. आकडा ठिपक्यांचा असतो. त्या ठिपक्यांत भरलं काय, ते आकडा सांगत नाही.

आवाजाचा फरक तर याहून मोठा. डिस्कवर ध्वनी न गाळता ठेवता येतो, स्ट्रीमिंगवर तो बहुधा गाळून येतो. ‘रोमा’तल्या समुद्राच्या प्रसंगात लाटा तुमच्या मागून येऊन डोक्यावरून जातात, तिथे हे कळतं. अर्थात घरात चांगले स्पीकर असतील तरच. टीव्हीच्या पोटातल्या स्पीकरवर ऐकणार असाल तर हा परिच्छेद विसरून जा.

या ‘रोमा’ला एक मराठी धागा आहे. चैतन्य ताम्हाणे एका मार्गदर्शन योजनेतून क्वारोनच्या हाताखाली होता आणि ‘रोमा’च्या सेटवर त्याने उमेदवारी केली. पुढे त्याच्या ‘द डिसायपल’ला क्वारोन कार्यकारी निर्माता लाभला. व्हेनिसला २०२० मध्ये पटकथेचं पारितोषिक मिळवून तो चित्रपट २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवर आला. त्यात रात्री मोटरसायकलवरून जाणारा गायक शरद कानात गायनगुरू माईंचं जुनं ध्वनिमुद्रण ऐकतो आणि मागे तानपुरा झंकारत राहतो. न गाळलेला आवाज कशासाठी हवा, हे गाणं ऐकणाऱ्या मराठी माणसाला त्या तानपुऱ्याइतकं दुसरं काहीच पटवणार नाही. त्याची नीट काढलेली डिस्क, सोबत संगीतावरचा लेख असलेली पुस्तिका, असं काही बाजारात दिसलं तर मी भाव विचारणार नाही.

राहता राहिला तुमचा ‘घेतं कोण’. पहिले संग्राहक, म्हणजे ज्यांना क्रमांकांनी कपाट भरायचं असतं. अमेरिकेत क्रायटेरियनच्या ब्लू-रेवर ३९.९५ डॉलर किंमत छापलेली असते आणि जुलै व नोव्हेंबरात बार्न्स अँड नोबल या पुस्तकांच्या दुकानात ती निम्म्यावर येते. ही मंडळी वर्षभर त्याच दिवसांची वाट बघतात. दुसरे चित्रपट शिकणारे आणि शिकवणारे, कारण एकच प्रसंग दहा वेळा मागेपुढे करून बघायचा तर डिस्क सोयीची. तिसरा गट अलीकडे वाढतो आहे : पोळलेले लोक. २०२३ च्या डिसेंबरात सोनीने प्लेस्टेशनच्या ग्राहकांना कळवलं की, तुम्ही पैसे देऊन ‘विकत’ घेतलेले डिस्कव्हरीचे कार्यक्रम आता तुमच्या खात्यातून जाणार. ओरड झाल्यावर तो निर्णय फिरला, पण बूंद से गई ती गेलीच. त्याच वर्षी ‘द फ्रेंच कनेक्शन’ या १९७१ च्या चित्रपटातला काही भाग स्ट्रीमिंगवर गुपचूप कापलेला लोकांना आढळला, आणि तोही कुठे, तर क्रायटेरियनच्याच चॅनलवर. ज्यांच्या घरात जुनी डिस्क होती, त्यांचा चित्रपट होता तसाच राहिला. कॅलिफोर्नियाने तर कायदाच केला : डिजिटल वस्तू ‘विकत घ्या’ म्हणून खपवताना, हा फक्त परवाना आहे हे ग्राहकाला स्पष्ट सांगा. २०२५ पासून तो लागू आहे.

आपल्याकडे हे लोण का पोचलं नाही, हे समजायला मोझर बेअर ही कंपनी आठवून बघा. २००७ च्या सुमारास त्यांनी २८ रुपयांना व्हीसीडी आणि ३४ रुपयांना डीव्हीडी आणली. रस्त्यावरच्या चोरट्या डिस्कवाल्यांना त्यांनी घाम फोडला खरा, पण डिस्क म्हणजे स्वस्त आणि फेकाऊ वस्तू हेही आपल्या मनात त्याच काळात पक्कं बसलं. पुढे ती कंपनी दिवाळखोरीत गेली आणि लोक फोनकडे वळले. मुबीच्या किंवा क्रायटेरियनच्या डिस्कला इथे पुरेसं गिऱ्हाईक नाही, म्हणून त्या बाहेरून मागवाव्या लागतात. वर टपालखर्च आणि कस्टम.

मागवण्याआधी एक गोष्ट बघाच, नाहीतर पैसे पाण्यात. ब्लू-रेचे जगात तीन विभाग पाडलेले आहेत. अमेरिका ‘ए’, ब्रिटन आणि युरोप ‘बी’, भारत ‘सी’. विभागाचं कुलूप असलेली ‘बी’ची डिस्क इथे घेतलेल्या साध्या प्लेअरवर चालत नाही, ‘ए’ची अमेरिकी डिस्कही नाही. त्यासाठी सगळे विभाग चालवणारा प्लेअर लागतो. काही डिस्कला हे कुलूप घातलेलंच नसतं, तेव्हा खोक्याच्या मागे बारीक अक्षरात काय छापलंय ते वाचा. फोरके डिस्कला मात्र विभागाचं बंधन नाही, ती कुठलीही कुठेही चालते, फक्त प्लेअर फोरकेचा हवा. तुमच्या भाच्याने पाठवलेल्या खोक्यावर ‘बी’ असेल, तर पुढच्या वेळी त्याला डिस्कऐवजी प्लेअर पाठवायला सांगा.