गप्प झालेला कुत्रा शिकलेला नसतो

परवा रात्री अकराला भाचीचा फोन आला. आवाज रडवेला. संस्थेतून आणलं तेव्हा पाच महिन्यांचं असलेलं तिचं गावठी पिल्लू आता नऊ महिन्यांचं झालंय. "मावशी, आज लिफ्टमध्ये परत एका काकूंच्या अंगावर उडी मारली. त्यांची पिशवी पडली, अंडी फुटली. घरात चार जोड चपला खाल्ल्यात. फिरायला मी त्याला नेत नाही, तोच मला ओढत नेतो. परत देऊन टाकू का त्याला? की ट्रेनर लावू? आणि चांगला ट्रेनर ओळखायचा कसा?"

फोनवर एवढंच म्हटलं, परत देऊ नकोस, आधी जेव आणि झोप, बाकीचं मी लिहून पाठवते. चाळीस वर्षं माझ्या घरात कुत्री आहेत, त्यातली पाच रस्त्यावरून उचललेली. त्यांनी मला शिकवलेलं आणि मी ठेच लागून शिकलेलं, दोन्ही खाली लिहिलंय. तिच्यासारख्या आणखी कुणाला उपयोगी पडेल म्हणून इथे देते.

आधी त्याचं वय ओळख

अगं, नऊ महिन्यांचा कुत्रा म्हणजे आठवी-नववीतला मुलगा. मी तीस वर्षं त्या वर्गांना जीवशास्त्र शिकवलं, म्हणून ही तुलना माझ्या जवळची. साधारण सहाव्या महिन्यापासून दीड वर्षापर्यंत, मोठ्या चणीच्या कुत्र्यांत दोन वर्षांपर्यंतही, हा काळ चालतो. दुधाचे दात पडून पक्के ४२ दात आलेले असतात, अंगात ताकद भरलेली असते, पण स्वतःला आवरणं अजून जमत नसतं.

२०२० साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी 'बायॉलॉजी लेटर्स' या नियतकालिकात एक अभ्यास मांडला. अंधांना मदत करण्यासाठी वाढवली जाणारी पिल्लं त्यांनी तपासली. पाच महिन्यांची असताना ती सांभाळणाऱ्या माणसाने सांगितल्यावर चटकन बसत होती, आठ महिन्यांची झाल्यावर ऐकेनात. तेव्हाही अनोळखी माणसाने सांगितलं की मात्र बसत. म्हणजे शिकलेलं ती विसरलेली नसतात. या वयात आपल्याच माणसाचं ऐकणं अवघड जातं, आणि वय सरलं की ते परत जमतं.

हे लक्षात ठेव, कारण ट्रेनर शोधताना पहिली फसगत इथेच होते. नवा माणूस घरी येतो, 'बस' म्हणतो, तुझा कुत्रा मुकाट बसतो आणि तू थक्क होतेस. तो त्या माणसाचा हातगुण नसतो, कुत्र्याचं वय असतं.

आणखी एक. संस्थांमधली माणसं तीन-तीन-तीनचा हिशेब सांगतात: पहिले तीन दिवस बुजलेला, तीन आठवड्यांत घराची रीत कळलेली, तीन महिन्यांत घर आपलं वाटलेलं. तुझ्याकडे येऊन त्याला चार महिने झाले. तो बिघडलेला नाही. तो मोकळा झालाय.

ट्रेनरच्या आधी डॉक्टर

दुखणं सांगता येत नाही, म्हणून ते वागण्यातून बाहेर येतं. कानात खाज, गोचीड, जंत, पायाचा सांधा, यातलं काही नाही ना हे आधी तपासून घे. एरवी लाडात येणारा कुत्रा एखाद्या जागी हात लावला की अचानक गुरगुरला, तर ते शिस्तीचं काम नाही, डॉक्टरांचं आहे. नसबंदी केव्हा करायची हेही त्याच वेळी विचार. पण नसबंदीने उड्या थांबतील अशी आशा धरू नकोस, त्या शिकवूनच थांबतात. रेबीजची लस आणि महापालिकेचा परवाना, दोन्ही कागद एका पिशवीत ठेव. सोसायटीत वाद झाला तर तेच आधी दाखवावे लागतात.

माझ्या हातून काय झालं ते ऐक

१९९३ च्या सुमाराला आमच्याकडे शेरू होता. मार्केट यार्डाबाहेर सापडलेला, अंगात अल्सेशियनचं रक्त, वय वर्षाच्या आत. तुझ्या पिल्लासारखाच धसमुसळा. कुणीतरी एका माणसाचं नाव सुचवलं. तो म्हणाला, "महिनाभर माझ्याकडे ठेवा, सरळ करून देतो." मी ठेवला. महिन्याने शेरू आला तो सांगितलं की बसणारा, पायाशी चिकटून चालणारा, भुंकायचं विसरलेला. शेजारीपाजारी बघायला आले. मीही सगळ्यांना कौतुकाने दाखवत होते.

आठव्या दिवशी फडताळातून डाळीचा डबा काढायला मी हात वर केला. शेरू जमिनीला चिकटला, डोळे मिटून घेतले आणि तिथेच त्याला लघवी झाली. मी खाली बसून त्याच्या मानेवरचे केस बाजूला केले, तर आत गोल ओळीने खपल्या होत्या. काटेरी पट्ट्याच्या. पुढे दोन वर्षं कुणीही हात उचलला की तो दबायचा.

महिनाभर तुम्ही नेमकं काय करणार, हे मी त्या माणसाला विचारलंच नव्हतं. तो प्रश्न न विचारल्याची किंमत शेरूने मोजली. तेव्हापासून माझ्या मनात पक्कं बसलंय: गप्प झालेला कुत्रा शिकलेला असतोच असं नाही. पुष्कळदा तो फक्त भ्यालेला असतो.

फोनवरच विचारायचे प्रश्न

आपल्याकडे कुत्रे शिकवण्यासाठी सरकारी परवाना लागत नाही. कुणीही पाटी लावू शकतो. त्यामुळे पारख आपल्यालाच करावी लागते. पैशाचं बोलण्याआधी एवढं विचार.

त्याने बरोबर केलं तर तुम्ही काय करता? उत्तर खाऊ, खेळ, शाबासकी असं आलं पाहिजे.

त्याने चुकीचं केलं तर काय करता? हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. चांगला माणूस म्हणेल, चुकायची संधीच कमी करतो, लक्ष दुसरीकडे वळवतो, काम सोपं करून परत मांडतो. 'एक झटका दिला की कळतं' असं ऐकलंस तर आभार मानून फोन ठेव.

गळ्यात काय घालता? गळा आवळणारी साखळी, काटेरी पट्टा, विजेचा झटका देणारा पट्टा, यातलं काहीही आलं की नको म्हण. साधा गळपट्टा किंवा छातीवरून जाणारा हार्नेस पुरतो.

शिकवताना मी समोर असेन का? 'तुम्ही ऑफिसला जा, मी खाली फिरवून शिकवून आणतो' ही आपल्या शहरांतली सर्रास पद्धत आहे. त्यात कुत्रा त्या माणसाचं ऐकायला शिकतो, तुझं नाही. आणि 'महिनाभर ठेवून घेतो' याचं काय होतं, ते वर लिहिलंय.

तुमचा एखादा वर्ग मी कुत्र्याशिवाय येऊन बघू का? लपवण्यासारखं काही नसेल त्याला अडचण नसते.

किती दिवसांत होईल? जो हमी देतो त्याच्यावर विश्वास ठेवू नकोस. जिवंत प्राण्याची हमी प्रामाणिक माणूस देत नाही.

आणि कुणी म्हणालं की 'मालक कोण ते त्याला कळू द्या, तो तुमच्यावर सत्ता गाजवतोय', तर तिथून उठ. ही समजूत पिंजऱ्यात कोंडलेल्या, एकमेकांना अनोळखी लांडग्यांच्या निरीक्षणातून आली. रुडॉल्फ शेंकेल यांचं ते काम १९४७ चं. डेव्हिड मीच यांनी आपल्या १९७० च्या पुस्तकातून ती जगभर पोचवली आणि पुढे रानातले लांडगे वर्षानुवर्षं पाहून १९९९ मध्ये त्यांनीच ती दुरुस्त केली: लांडग्यांचा कळप म्हणजे आईबाप आणि त्यांची पोरं, एक कुटुंब. अमेरिकेतल्या प्राणिवर्तनाच्या पशुवैद्यकीय संघटनेने २०२१ मध्ये स्पष्ट सांगितलं की कुत्र्यांना बक्षिसाच्या पद्धतीनेच शिकवावं, वेदनेची साधनं वापरू नयेत. आपल्याकडेही प्राण्याला मारणं, छळणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. शिकवण्याच्या नावाखाली केलं म्हणून त्याचं दुसरं काही होत नाही.

शोधायचं कुठे

पहिला फोन ज्या संस्थेतून पिल्लू आणलं तिथे कर. परत द्यायला नाही, मदत मागायला. त्यांनी तुझ्यासारखी शेकडो घरं पाहिलेली असतात, कोण हळुवार हाताने शिकवतं ते त्यांना ठाऊक असतं. दुसरा फोन डॉक्टरांना. तिसरी वाट बागेतली: सकाळी ज्याचा कुत्रा सैल पट्ट्याने, शेपटी हलवत, मधूनच मालकाकडे बघत चालतो, त्या माणसाला थांबवून विचार. अशी शिफारस छापील जाहिरातीपेक्षा खरी असते.

पुण्या-मुंबईत आता शास्त्र शिकून काम करणारी माणसं मिळतात. मुंबईच्या शिरीन मर्चंट यांच्यासारख्या लोकांनी ही वाट आपल्याकडे पाडली. लहान गावात कुणी मिळालं नाही तर व्हिडिओ कॉलवर शिकवणारे आहेत, आणि त्याला मी कमी मानत नाही. तिथे कुत्र्याला तुझेच हात शिकवतात. हवं तेच ते.

पहिल्या तासाला माणसाकडे नाही, कुत्र्याकडे बघ

शेपटी सैल आहे का? तो परत परत त्या माणसाकडे आपण होऊन जातो का? की जांभया देतोय, जीभ सारखी ओठांवरून फिरवतोय, कान मागे टाकून तोंड वळवतोय? झोप नसताना येणारी जांभई ताणाची असते. असं दिसलं तर मध्येच थांबव. पैसे दिलेत म्हणून तास पुरा करायचं बंधन नाही. आणि चांगला ट्रेनर त्या तासातला निम्मा वेळ तुझ्याशी बोलेल: कधी खातो, किती झोपतो, एकटा किती असतो, कशाला घाबरतो.

घराने पाळायच्या चार गोष्टी

ट्रेनर आठवड्यातून एखादा तास येईल. उरलेला आठवडा तुमचा आहे.

शब्द एकच ठेवा. तुमच्या घरी मी आठ दिवस राहिले तेव्हा मोजलं: तू 'सिट' म्हणतेस, जावई 'खाली बस' म्हणतात, सासूबाई 'बस रे बाळा' म्हणतात. शिवाय दिवसभर घरात 'बस, पुरे', 'बस झालं आता', 'बस चुकली' चालूच. त्या बिचाऱ्याने कुठल्या 'बस'ला बसायचं? सगळ्यांनी मिळून एक शब्द ठरवा आणि फ्रिजवर लिहून लावा. 'बस', 'ये', 'थांब', 'सोड', एवढे चार पक्के झाले तरी घर शांत होतं.

चारही पाय जमिनीवर, तेव्हाच लाड. उडी मारली की ओरडू नका, ढकलूही नका. त्याच्या लेखी तो खेळच असतो. पाठ फिरवा. पाय टेकले की त्या क्षणी वाकून खाऊ द्या. खाऊ म्हणजे बिस्किटं नव्हेत. उकडलेल्या कोंबडीचे किंवा पनीरचे हरभऱ्याच्या दाण्याएवढे तुकडे पुरतात. कांदा, मनुका, द्राक्षं, चॉकलेट मात्र कधीच नाही, ती त्याला विषारी आहेत. काही दिवस लिफ्टऐवजी जिन्याने जा, किंवा रिकामी लिफ्ट येईपर्यंत थांबा.

पट्टा ताणला की झाड हो. उभी राहा. त्याने वळून बघितलं, पट्टा सैल झाला, की चाल. पहिल्या दिवशी कोपऱ्यापर्यंत जायला वीस मिनिटं लागतील. लागू देत.

नाकाला काम आणि डोळ्याला झोप. दमवायचं म्हणून नुसतं पळवत राहिलीस तर तो आणखी दमदार होईल. फिरताना त्याला हवं तेवढं हुंगू दे. संध्याकाळचं खाणं वाटीत न देता जुन्या टॉवेलच्या गुंडाळीत लपवून दे, शोधत बसेल. चपला कपाटात आणि चघळायला त्याचं स्वतःचं काहीतरी. दिवसाचे बारा-चौदा तास त्याला झोप लागते. घरात पाहुणे, टीव्ही, मुलं यांत ती मोडली की संध्याकाळी तो पिसाळल्यासारखा धावतो. त्याला शांत कोपरा दे, आणि तो झोपला की कुणी हात लावायचा नाही.

एक गोष्ट मात्र थांबवून ठेवू नकोस

दात लावून रक्त काढलं, खाण्यावर किंवा माणसांवर मनापासून धावून गेला, तर ते वयाचं म्हणून सोडू नकोस. तिथे साधा ट्रेनर पुरत नाही, डॉक्टर आणि वर्तनतज्ज्ञ दोघं लागतात. चावा कुणालाही बसला, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखान्यात जायचं, कुत्रा घरचा असला तरी.

पाळीव कुत्र्यांवर सोसायटीला बंदी घालता येत नाही, हे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या सूचनांत आहे. पण कायदा आपल्या बाजूने असला तरी लिफ्टमध्ये घाबरलेल्या बाईंची भीती खरी असते. म्हणून उद्या सकाळी डझनभर अंडी घेऊन त्या काकूंच्या दारात जा. कुत्र्याला नेऊ नकोस. माफी माग आणि सांग, शिकवायला सुरुवात केलीय, थोडे महिने सांभाळून घ्या. मग घरी येऊन संस्थेला फोन लाव, वरचे प्रश्न हातात धरून. रस्त्यावरून एकदा उचललेल्या जिवाला घराने दुसऱ्यांदा सोडायचं नसतं.